लाईट, नेट आणि बँक एकाच दिवशी बंद पडली तर: खान्देशातल्या ज्येष्ठांसाठी ७२ तासांची तयारी

वळवाच्या पावसात डीपी जळाली, तार तुटली, चार तास लाईट गेली, हे जळगाव, धुळे, नंदुरबारला नवे नाही. त्याची सवय आपल्याला आहे. हा लेख वेगळ्या दिवसासाठी आहे. त्या दिवशी लाईटबरोबर मोबाईलची रेंज, एटीएम, फोनवरून पैसे देणे, रेशनच्या दुकानातले अंगठ्याचे मशीन आणि नळाचे पाणी असे सगळे एकामागून एक अडते.

असे दिवस येऊन गेले आहेत. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर आणि पूर्व भारताची वीज ग्रीड, म्हणजे वीजकेंद्रांना जोडणारे तारांचे जाळे, कोसळली आणि ६० कोटींहून अधिक लोकांचा प्रदेश अंधारात गेला. महाराष्ट्र ज्या पश्चिम ग्रीडमध्ये येतो ती तेव्हा वाचली. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली आणि शहर ठप्प झाले. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक ठप्प केले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. त्याच महिन्याच्या शेवटी एका तंत्रसेवा कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे ३०० छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँका पैसे पाठवण्याच्या यंत्रणेतून काही काळ तोडून ठेवाव्या लागल्या. आपल्यापैकी अनेकांची खाती अशाच बँकांत असतात, म्हणून ही घटना लक्षात ठेवावी. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये यूपीआय अनेकदा अडखळले. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगालची वीज भर दुपारी गेली, ती बऱ्याच ठिकाणी रात्री उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे आली. तिथे त्या दिवशी लोक दुकानांत रेडिओ, सेल आणि टॉर्च शोधत फिरत होते.

घाबरण्याचे कारण नाही. पण तयारी आदल्या दिवशीच करावी लागते, आणि ज्येष्ठांच्या बाबतीत तिचा क्रम वेगळा असतो. तरुण माणूस आधी पॉवर बँक घेतो. ज्येष्ठांनी आधी औषध, मग पाणी, मग रोख आणि मग उपकरणे हा क्रम धरावा.

१. आधी समजून घ्या: काय, कधी आणि का बंद पडते

लाईट गेल्या क्षणी: पंखा, बोअरची मोटर, लिफ्ट, घरातले वायफाय. फायबरच्या लाईनवरचा लँडलाईनही जातो, कारण घरातल्या त्या छोट्या डब्याला वीज लागते. जुन्या तांब्याच्या तारेच्या फोनला एक्स्चेंजकडून वीज मिळायची, म्हणून तो अंधारातही चालायचा. लँडलाईन आहे म्हणून निर्धास्त असाल तर आपली लाईन तांब्याची की फायबरची, ते आजच विचारा.

काही तासांनी: मोबाईल टॉवर. टॉवरला बॅटरी असते, काहींना डिझेल जनरेटर असतो. पण डिझेल पोचवणारी गाडी आली नाही तर तोही थांबतो. त्याआधीच सगळे एकदम फोन लावत असल्याने कॉल लागत नाहीत.

चार तासांच्या पुढे: फ्रीजमधला थंडावा संपू लागतो. दार न उघडता चार तास धरा. मे महिन्यात त्याहून कमी.

एक-दोन दिवसांनी: पाणी. जळगावला वाघूरचे, धुळ्याला तापी योजनेचे, नंदुरबारला विरचकचे पाणी येते, आणि ते जलशुद्धीकरणातून टाक्यांत चढवायला पंप लागतात. पंप थांबले की नळाची पाळी पुढे सरकते. आपल्याकडे आधीच काही दिवसांआड पाणी, त्यात आणखी भर.

एक समज इथेच मोडायला हवा: "दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र शेजारी आहे, साक्रीला पवनचक्क्या आणि सोलर आहे, आपल्याकडे लाईट कशी जाईल?" ग्रीड कोसळली की औष्णिक केंद्राचे संचही बंद होतात. ते पुन्हा सुरू करायला बाहेरून वीज लागते, कारण कोळसा दळणाऱ्या गिरण्या, पंप, पंखे हे सगळे विजेवर चालते. पहिली वीज सहसा जलविद्युत केंद्रातून येते आणि मग एकेक संच जागा केला जातो. म्हणून मोठ्या बिघाडात भुसावळकरांनीही इतरांइतकीच वाट पाहायची तयारी ठेवावी.

२. औषधे आणि आरोग्याची उपकरणे

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या.

रोजच्या गोळ्या किमान १५ दिवसांच्या जास्तीच्या ठेवा. बीपी, हृदय, थायरॉईड, फिट्स, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, यातले काहीही मध्येच तुटता कामा नये. बीपीच्या काही गोळ्या अचानक थांबवल्या तर दाब उसळून वर जातो. नवीन पाकीट मागे ठेवायचे, जुने पुढे ओढायचे, म्हणजे काही मुदतबाह्य होत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स काढा आणि प्रत्येक गोळीचे कंपनीचे नाव, औषधाचे मूळ नाव आणि मिलिग्रॅम मोठ्या अक्षरात लिहा. दुकानाचा संगणक बंद असेल तेव्हा दुकानदाराला हा कागदच उपयोगी पडेल. "ती पांढरी छोटी गोळी" एवढ्यावर कोणी औषध देणार नाही आणि देऊही नये.

इन्सुलिन: न उघडलेली बाटली किंवा पेन २ ते ८ अंशांत ठेवतात. उघडलेले इन्सुलिन साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण खोलीचे तापमान ३० अंशांच्या आत असेल तरच. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा हा नियम आपल्या घरात लागू होत नाही. उपाय मातीचा:

– एक मोठे, न रंगवलेले मडके आणि त्यात मावेल असे छोटे मडके घ्या.
– दोघांच्या मधल्या जागेत वाळू भरा आणि ती ओली ठेवा.
– इन्सुलिन कोरड्या, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून छोट्या मडक्यात ठेवा.
– वर ओले सुती फडके टाका. सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवा. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा.

खान्देशातली उन्हाळ्यातली हवा कोरडी असल्याने पाणी लवकर उडते आणि आतला गारवा चांगला टिकतो. हेच मडके पावसाळ्यात कमी गार होते, पण तेव्हा पाराही खाली असतो. मडक्यात स्वस्तातला तापमापक ठेवून एकदा पाहून घ्या. इन्सुलिन थेट बर्फावर कधीही ठेवू नका. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निकामीच. नेहमी पाण्यासारखे असणारे इन्सुलिन गढूळ झाले किंवा त्यात कण दिसले तर टाकून द्या.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे मशीन): पाच लिटरच्या मशीनला ३०० ते ३५० वॅट लागतात, म्हणजे घरचा इन्व्हर्टर तीनएक तासांत संपतो. म्हणून भरलेला सिलेंडर घरात हवाच. 'बी' प्रकारच्या सिलेंडरमध्ये साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला २ लिटर लागत असेल तर १,५०० भागिले २ म्हणजे ७५० मिनिटे, सुमारे साडेबारा तास. रेग्युलेटर आणि चावी सिलेंडरलाच बांधून ठेवा, आणि तो उघडायचा कसा हे घरातल्या दोघांना तरी आले पाहिजे. नळी लावलेली असताना जवळ दिवा, उदबत्ती, विडी काहीही नको.

अंथरुणाला खिळलेले रुग्ण: हवेच्या गादीचा पंप थांबला की ती बसते आणि पाठीला जखमा होण्याचा धोका वाढतो. दर दोन तासांनी कूस बदलायची. साधी जाड गादी जवळ ठेवा.

नेब्युलायझर वापरत असाल तर स्पेसरसह इनहेलर जवळ हवा; डॉक्टरांकडून आताच लिहून घ्या. श्रवणयंत्राचे सेल, ग्लुकोमीटरचा गोल सेल आणि पट्ट्या, बीपी मशीनचे पेन्सिल सेल, सगळ्यांचा एकेक जादा जोड ठेवा. डायलिसिस असेल तर केंद्राला विचारा की जनरेटर किती तास चालतो आणि पुढची सोय कुठे आहे. पेसमेकर असलेल्यांनी लाईटची काळजी करू नये. त्याची बॅटरी छातीतच असते.

३. पाणी, आणि त्याबरोबर ऊन

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला ५ लिटर, आणि भांडी, संडास, हातपाय धरून एकूण २० लिटर. दोघांचे तीन दिवसांचे हिशेबाने ३० लिटर पिण्याचे आणि ९० लिटर वापरायचे होते. पिण्याचे पाणी झाकणाच्या स्टीलच्या टाकीत किंवा स्वच्छ जारमध्ये ठेवा आणि नळाच्या प्रत्येक पाळीला बदला.

गच्चीवरच्या टाकीतले पाणी लाईटशिवायही उताराने खाली येते, पण मोटर बंद असल्याने टाकी पुन्हा भरत नाही, म्हणून लाईट गेल्यावर लगेच एकदम सगळे नळ उघडू नका. जारवाल्याच्या प्लांटलाही वीज लागते. त्याच्यावर अवलंबून राहू नका. गल्लीतला चालू हापसा कुठे आहे ते आज चालत जाऊन पाहून या. बऱ्याच हापशांवर आता वीजपंप बसवले आहेत आणि दांडा काढलेला असतो.

शुद्ध करायला पाणी खळखळ उकळू लागल्यावर किमान एक मिनिट उकळा, किंवा क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावरच्या प्रमाणात टाका आणि अर्धा तास थांबा. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. आरओचे मशीन लाईटशिवाय चालत नाही, त्यामुळे साधी कँडलची गाळणी टाकून देऊ नका.

एप्रिल-मे मध्ये लाईट गेली तर सगळ्यात मोठा धोका उकाड्याचा असतो. वय झाले की तहान उशिरा लागते, म्हणून तहान नसली तरी तासाला एक पेला पाणी. घरचे मीठ-साखरेचे पाणी: १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. ज्यांना हृदय किंवा किडनीच्या त्रासामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे त्यांनी, आणि साखरेचे रुग्ण असलेल्यांनी, याचे प्रमाण डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. दुपारी खिडक्यांना ओली चादर, मानेवर-काखेत ओले फडके, रात्री अंगणात किंवा गच्चीवर बाज. बोलणे असंबद्ध झाले, अंग तापून कोरडे पडले तर तो उष्माघात समजा. अंगावर पाणी ओतत, वारा घालत दवाखान्यात न्या.

४. रोख पैसे

सहकारी बँकेची लिंक गेली की काउंटरवरूनही पैसे मिळत नाहीत, कारण खात्यातली शिल्लकच दिसत नाही. पासबुक भरलेले असले तरी. म्हणून दोन आठवड्यांच्या घरखर्चाइतकी रोख घरात हवी, आणि ती सुट्टी. ५,००० रुपये ठेवायचे असतील तर अशी वाटणी करा:

– १०० च्या २५ नोटा: २,५०० रुपये
– ५० च्या ३० नोटा: १,५०० रुपये
– २० च्या ३० नोटा: ६०० रुपये
– १० च्या ४० नोटा: ४०० रुपये

५०० ची नोट अशा दिवशी जवळजवळ निरुपयोगी. भाजीवाल्याकडे, रिक्षावाल्याकडे सुट्टे नसते आणि तो समोरच्या फोनकडे बोट दाखवू शकत नाही.

पैसे दोन ठिकाणी ठेवा. किती आणि कुठे, ते घरातल्या एका विश्वासू माणसालाच सांगा. गच्चीवर गप्पांत नको. एटीएमचा पिन कार्डाबरोबर लिहून ठेवणे ही फार आढळणारी आणि फार महाग पडणारी सवय आहे.

स्टार ९९ हॅश दाबून इंटरनेटशिवाय पैसे पाठवता येतात, साध्या फोनवरूनही, एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत. फक्त नेट बंद असेल तेव्हा ही सोय कामाची. पण मोबाईलची रेंज आणि बँकेचा सर्व्हर दोन्ही चालू लागतात. पहिल्यांदा वापरताना डेबिट कार्डाचे तपशील विचारले जातात, तेव्हा बिघाडाची वाट न पाहता आधीच सुरू करून घ्या.

उधारीचे खाते असलेला एक किराणावाला आणि एक औषध दुकानदार टिकवून ठेवा. ओळखीच्या वहीवरचा हिशेब कोणत्याही सर्व्हरवर अवलंबून नसतो. मॉलमधून सगळे घेणाऱ्यांनी महिन्यातली एक खरेदी तरी गल्लीत करावी असे माझे स्पष्ट मत आहे.

५. कागदांची पिशवी

मोबाईलमध्ये असलेले कागद त्या दिवशी नसल्यासारखेच. चेन असलेल्या एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये झेरॉक्स ठेवा:

– आधार, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र
– पासबुकाचे पहिले पान आणि अलीकडची छापलेली नोंद
– निवृत्तिवेतनाचा पीपीओ; संजय गांधी किंवा श्रावणबाळ योजनेचा मंजुरीचा कागद
– आयुष्मान कार्ड किंवा आरोग्य विम्याची पॉलिसी
– औषधांची यादी, रक्तगट, ॲलर्जी, झालेली ऑपरेशने
– वीज बिल (१२ अंकी ग्राहक क्रमांकासाठी), गॅसचे कार्ड
– सातबारा, घरपट्टीची पावती

यात एक फोनची यादी हवी, हाताने लिहिलेली. मुलगा सुरतला, मुलगी पुण्याला, पण त्यांचा नंबर पाठ कुणालाच नाही, अशी स्थिती बहुतेक घरांत आहे. दहा नंबर जाड पेनाने लिहा आणि एक प्रत भिंतीवर चिकटवा. त्याच कागदावर: ११२ आपत्काळ, १०८ रुग्णवाहिका, १९१२ वीज तक्रार, १९३० सायबर फसवणूक, १४५६७ ज्येष्ठ नागरिक हेल्पलाईन. गावच्या वायरमनचा आणि आशाताईंचा नंबरही.

एसटीत सवलतीसाठी मूळ ओळखपत्र जवळ ठेवा, आणि रेल्वे तिकिटाचा पीएनआर कागदावर.

मुदतीची कामे शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. रेशन महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उचला. हयातीचा दाखला नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्या. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरील निवृत्तिवेतनधारकांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. बोटांचे ठसे झिजल्यामुळे अंगठा लागत नसेल तर बँकेत स्वतः जाऊन कागदी फॉर्मवर सही करण्याचा मार्ग आहे, तो विचारा.

६. फोन आणि निरोप

साधा कीपॅडचा फोन घ्या. एका चार्जिंगवर तो अनेक दिवस टिकतो. इथे एक फसगत ठरलेली आहे: जिओचे टू-जी जाळे नाही, त्यामुळे जिओचे सिम टू-जी कीपॅड फोनमध्ये टाकले तर रेंजच येत नाही. त्यासाठी फोर-जी कीपॅड फोन लागतो. एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचे सिम टू-जी फोनवर चालते. घरात दोन फोन असतील तर सिम दोन वेगळ्या कंपन्यांची ठेवा आणि दोन्हीचे रिचार्ज संपू देऊ नका.

पॉवर बँकेवर १०,००० लिहिलेले असले तरी प्रत्यक्ष ६,००० ते ६,५०० हाती लागते. म्हणजे मोठा फोन जेमतेम एकदा, कीपॅड फोन पाच-सहा वेळा. ती दर महिन्याच्या एक तारखेला चार्ज करा. कपाटात पडून ती आपोआप उतरते.

निरोपासाठी घरात तीन गोष्टी ठरवा. पहिली, कॉलऐवजी एसएमएस: गर्दीत तो बहुधा निघून जातो. "ठीक आहोत. पाणी-औषध आहे. नाना." एवढेच पुरे. दुसरी, फोन सकाळी ८ आणि रात्री ८ ला पंधरा मिनिटे चालू, बाकी वेळ बंद. तिसरी, जिल्ह्याबाहेरचा एक नातेवाईक निरोप्या नेमायचा. सगळे त्यालाच कळवतील, तो सगळ्यांना सांगेल. पाच मुलांनी आईला पाच-पाच कॉल करण्यात तिची बॅटरी संपते.

बातम्यांसाठी सेलवर चालणारा रेडिओ. आकाशवाणीची जळगाव आणि धुळे केंद्रे आहेत. तुमच्या घरात कोणते स्पष्ट लागते ते शोधून डायलवर खूण करा. मोबाईलमधला रेडिओ बहुतेक वेळा नेटवर चालतो किंवा इअरफोनच्या वायरशिवाय लागत नाही. वापर नसताना सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून रेडिओ खातात.

७. उजेड, पंखा, इन्व्हर्टर आणि सोलर

रात्री पडून खुबा मोडणे हा अंधारातला सर्वांत मोठा अपघात. उशाशी टॉर्च, संडासच्या वाटेवर दुसरी, पायऱ्यांच्या कडांना चमकणारी पट्टी. एक टॉर्च चार्जिंगची असेल तर दुसरी सेलची हवी. मेणबत्ती टाळा, मच्छरदाणी, पदर, गादी यांच्याशी तिचे जमत नाही.

इन्व्हर्टरचा हिशेब स्वतः करा. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते, हातात १,१०० च्या आसपास येते. साधा पंखा ७५ वॅट, दोन एलईडी बल्ब १८, राउटर १२, एकूण १०५ वॅट: नवी बॅटरी दहाएक तास. पंखा बीएलडीसी घेतला तर तो ३० वॅटच्या आसपास खातो आणि तीच बॅटरी अठरा तासांच्या आसपास जाते. नवी बॅटरी घेण्याआधी पंखा बदलणे स्वस्त पडते. बॅटरीतले डिस्टिल्ड वॉटर उन्हाळ्यात दर महिन्याला पाहा. नळाचे किंवा आरओचे पाणी टाकू नका. चार-पाच वर्षे जुनी बॅटरी पूर्ण भरलेली दाखवते आणि तासाभरात बसते.

छतावर सोलर आहे म्हणून लाईट राहील, हा सर्वांत मोठा गैरसमज. नेट मीटरवाले साधे ऑन-ग्रिड सोलर ग्रीडची वीज गेली की भर दुपारीही बंद होते. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या विजेचा झटका बसू नये म्हणून ते मुद्दाम तसे केलेले असते. लाईट गेल्यावर वीज हवी असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. बसवणाऱ्याला हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारा आणि उत्तर कोटेशनवर लिहून घ्या.

जनरेटर लावलाच तर घराबाहेर, खिडकीपासून लांब. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. लिफ्टमध्ये अडकलात तर घंटी वाजवा आणि थांबा. दार उचकटून बाहेर पडायचा प्रयत्न करू नका.

८. खाणे

पिठाची गिरणी विजेवर चालते हे विसरले जाते. गहू-ज्वारीचे ५ किलो दळलेले पीठ घरात असू द्या. बाजरीचे पीठ काही दिवसांतच कडू पडते, ते साठवू नका. मिक्सर चालणार नाही, तेव्हा काळा मसाला, दाण्याचा कूट, तिखट तयार असावे, खलबत्ता आहेच. चुलीशिवाय खाता येईल असे: मुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, राजगिऱ्याचे लाडू. दात नसतील तर सातूचे पीठ, भिजवलेले पोहे. दशम्या केल्या तर दोन दिवस निघतात. साखरेच्या रुग्णांनी इन्सुलिन किंवा गोळी घेऊन उपाशी राहू नये, त्यांच्या डब्यात फुटाणे आणि बिस्किटे वेगळी ठेवा.

गॅसची दुसरी टाकी भरलेली, काडीपेटी कोरडी. इंडक्शनवर सगळा स्वयंपाक गेलेला असेल तर जुनी शेगडी विकू नका.

९. माणसे

एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांनी दोन घरांशी बोलून ठरवावे: मोठा बिघाड झाला की सकाळी ७ आणि संध्याकाळी ७ ला दारावर हाक. हाकेला उत्तर आले नाही तर काय करायचे, किल्ली कुणाकडे, हेही आधीच. भजनी मंडळ किंवा ज्येष्ठ नागरिक संघ असेल तर एक वही करा: कोणाकडे ऑक्सिजन, कोण अंथरुणात, कोणाकडे चारचाकी, कोणाच्या बोअरला जनरेटर. या वहीची एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्रात द्या. मदत मागायला संकोच करणारी माणसेच मागे राहतात, म्हणून त्यांची नावे वहीत दुसऱ्यांनी घालावीत.

१०. गोंधळात येणारे चोर

यंत्रणा बंद पडली की फसवणुकीचे फोन वाढतात. "बिल भरले नाही, आज रात्री साडेनऊला लाईट कापणार, या नंबरवर फोन करा", "खाते पुन्हा सुरू करायला ओटीपी सांगा", "केवायसीसाठी हे ॲप टाका", "तुमच्यावर डिजिटल अटक आहे". डिजिटल अटक नावाची गोष्ट कायद्यात नाही. ओटीपी कुणालाही नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३०. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम अडवण्याची शक्यता जास्त असते.

फोन अचानक मोठ्याने वाजून पडद्यावर सरकारी इशारा आला तर घाबरू नका. ती आपत्तीच्या सूचनेची यंत्रणा आहे. ती कधीही पैसे किंवा ओटीपी मागत नाही.

११. एका रात्रीची तालीम

थंडीच्या दिवसांत, घरात दुसरे कोणी असताना, संध्याकाळी ६ ते सकाळी ९ मेन स्विच आणि मोबाईलचा डेटा बंद करा. ज्यांच्याकडे ऑक्सिजन मशीन किंवा फ्रीजमध्ये इन्सुलिन आहे त्यांनी मेन चालू ठेवून फक्त दिवे, पंखे, टीव्ही, नेट बंद करावे. टॉर्च सापडली का, गोळ्या टॉर्चच्या उजेडात ओळखता आल्या का, निरोप्याला एसएमएस पोचला का, पाणी किती लागले, हे कागदावर लिहा. जे अडले तेवढेच विकत आणा. असे केल्याने खर्च कमी होतो, कारण यादीतल्या बऱ्याच वस्तू घरात आधीच असतात.

पुढे वर्षातून दोनदा, अक्षय तृतीयेच्या सुमारास आणि दिवाळीच्या साफसफाईत, सेल, औषधांच्या तारखा, रोख आणि फोनची यादी तपासा.

१२. सगळे पुन्हा सुरू झाल्यावर

लाईट आली की फ्रीज, टीव्ही, मोटर लगेच लावू नका. पहिल्या काही मिनिटांत व्होल्टेज वरखाली होते. एक बल्ब लावून दहा-पंधरा मिनिटे पाहा. जास्त वेळ बंद असलेल्या फ्रीजमधले दूध, मांस, शिजवलेले अन्न टाकून द्या. नळाचे पहिले पाणी गढूळ असते, ते पिण्यासाठी भरू नका.

मग पासबुक भरून घ्या. पैसे खात्यातून कापले गेले पण समोरच्याला पोचले नाहीत, असे बिघाडाच्या दिवशी होते. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे यूपीआयवरून माणसाला पाठवलेले पैसे अडकले तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेले किंवा एटीएममधून न निघालेले पाच दिवसांत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने स्वतःहून द्यायची असते. ती आली नाही तर तारीख, वेळ, रक्कम आणि व्यवहार क्रमांक लिहून शाखेत लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेऊनच बाहेर पडा.